खडपाची खूण

मच्छीमार सोसायटीच्या पडवीत मी बर्फ फोडत होते. आतल्या वायरलेसवर खरखर झाली आणि ह्यांचा आवाज आला.

"नांदवेळ, नांदवेळ, धनसागर बोलतोय. स्टो फुटला. इंजिनाला आग लागली होती, विझवली. विठू नि शिरपत भाजलेत. लय भाजलेत. कुणाला तरी धाडा."

सेक्रेटरी हिरामणभाऊंनी माईक ओढला. "कान्होबा, कुठं हाव तुम्ही? जागा सांग, जागा!"

"केळखाडीच्या समोर. अठरा वाव खोल पाण्यात."

पुन्हा खरखर झाली आणि सेट मुका झाला. हिरामणभाऊ दहा वेळा ओरडले, पण पलीकडून काहीच आलं नाही.

माझ्या हातातला लाकडी ठोकळा तसाच राहिला. धनसागर केळखाडीच्या समोर नव्हती. केळखाडी आमच्या दक्षिणेला आणि बोट होती पार वायव्येला. हे मला ठाऊक होतं.

ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. जीपीएसचे डबे तेव्हा आमच्या बोटींवर आले नव्हते, वायरलेस मात्र नुकते आले होते. वायरलेसवर एक बोलला की सगळा किनारा ऐकतो. म्हणून नांदवेळच्या प्रत्येक घराच्या दोन जागा असत, एक बोलायची आणि एक मासळी मारायची. चांगली मासळी लागली की बोटीचा म्होरक्या, तांडेल, सेटवर भलतीच जागा सांगायचा आणि बाकीच्या बोटी तिकडे धावायच्या. कुणी त्याला खोटं म्हणत नसे. तो धंदाच होता.

आमची बोलायची जागा केळखाडी. मारायची जागा म्हणजे समुद्राच्या तळाशी असलेलं एक खडप, खडकाळ उंचवटा. माझ्या सासऱ्यांच्या आजाला ते सापडलं होतं. तिथं घोळ मासा मिळायचा, आणि घोळीवर आमच्या घराच्या चार पिढ्या जेवल्या होत्या. आदल्या संध्याकाळी सासरे ह्यांना म्हणाले होते, "उद्या खडपावर जा. पाणी निवळलंय." मी तेव्हा भाकरी वाढत होते.

हिरामणभाऊंनी तालुक्याला फोन लावला. तिथून तटरक्षक दलाला कळलं. समुद्रावर असलेल्या आमच्या गावच्या चार बोटींनी दिशा बदलली आणि त्या केळखाडीकडे निघाल्या. सासरे धावतपळत आले. गाव त्यांना आबा म्हणत असे, मीही आबाच म्हणायचे. सत्तरीचा माणूस, पण पाठ ताठ.

"कान्होबा बरा हाय ना?" त्यांनी पहिलं विचारलं.

"त्याचा आवाज धड होता," हिरामणभाऊ म्हणाले. "खलाशी भाजलेत. जागा सांगितली त्यानं, केळखाडी. हेलिकॉप्टर येतंय."

मला वाटलं, आता आबा सांगतील. आबांनी कपाळावरचा घाम पुसला, पुतण्याला, गजाननला, पडवीच्या कोपऱ्यात नेलं आणि त्याच्या कानाशी लागले. गजानन मान हलवत बंदराकडे पळाला. आमची दुसरी बोट खाडीत गाळात टेकली होती. भरती दोनशिवाय येणार नव्हती.

आबा परत येऊन खुर्चीवर बसले आणि गप्प राहिले.

विठू गोताड आणि शिरपत धनावडे आमचे खलाशी. दोघंही घाटाखालच्या एकाच वाडीतले. विठूची बायको सुलोचना नारळी पौर्णिमेनंतर त्याला सोडायला आली होती. बरोबर तीन मुली होत्या, धाकटी कडेवर. जाताना माझा हात धरून म्हणाली, "वयनी, मला समुद्र कळत नाय. तुम्हाला कळतो. एवढं बघा."

मी हसून म्हटलं होतं, "मला तरी कुठं कळतो? मी काय बोटीवर जाते?"

साडेबाराच्या सुमारास हेलिकॉप्टर आलं. गावावरून गेलं तेव्हा वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळी थरथरल्या आणि कावळे उडाले. बायका पदर सांभाळत वर बघत होत्या. ते सरळ दक्षिणेला गेलं. मी उलट दिशेला, वायव्येला बघत होते.

दीड वाजता सेटवर तटरक्षक दलाचा अधिकारी बोलला. मराठीच होता, आवाजावरून विदर्भाकडचा वाटला.

"नांदवेळ, केळखाडीसमोर तुमची बोट दिसत नाही. चाळीस मिनिटं शोधलं. इंधन घ्यायला परत जातोय. जागा नक्की हीच का?"

हिरामणभाऊंनी आबांकडे पाहिलं.

"वाहत गेली असेल," आबा म्हणाले. "वाऱ्यानं."

ते शब्द माझ्या कानशिलात बसल्यासारखे झाले. खडपावर नांगर टाकूनच मासळी मारतात, बोट वाहून जाईल कशी? मी दारात गेले.

"आबा, जरा बाहेर या."

ते बाहेर आले.

"खरी जागा सांगा त्यांना."

"कसली जागा?"

"खडपाची."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "हळू बोल. गजानन निघतोय भरतीला. तीन तासांत पोचेल."

"आणि परत यायला? ती बोट ओढत आणायची म्हणजे चार तास. मग तालुक्याचा रस्ता. भाजलेलं माणूस तोवर राहील?"

"कान्होबाचा आवाज ऐकलास ना? धड हाय तो."

"मी विठूचं विचारते."

"विठूला काय मी भाजलं?" आबांचा आवाज चढला. "मथुरे, माझ्या आज्यानं ती जागा शोधली. माझा बा मेला, पण सख्ख्या मेव्हण्याला सांगितली नाय. ती आता वायरलेसवर ओरडू? तीस बंदरं ऐकतायत. उद्या सकाळी तिथं जत्रा भरेल. तुझी पोरं काय खातील?"

"विठूच्या पोरी काय खातील?"

"तू बर्फ फोड," ते म्हणाले. "बाईमाणसाचं काम नाय हे. आणि तुला काय ठाऊक खडप कुठं हाय ते?"

एवढं बोलून ते आत गेले.

मला काय ठाऊक! लग्न होऊन आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. त्या साली आबांनी ह्यांना खडपाची खूण पाठ करायला लावली. रोज संध्याकाळी ओट्यावर घोकून घ्यायचे, पाढे घेतात तसं. ह्यांना पाठ व्हायला महिना लागला, मला चार दिवस. मी तिथंच बसून बोंबील साफ करत असायचे. शेजारचा कुणी आला की आबा लगेच गप्प व्हायचे. माझ्यासमोर कधी गप्प झाले नाहीत. मला ती जागा कुणी सांगितली नव्हती. मला कान आहेत हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी हात पदराला पुसले आणि सोसायटीच्या खोलीत शिरले. त्या खोलीत बाई जात नसे. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण जात नसे.

"वयनी, तुम्ही कुठं आत?" हिरामणभाऊ म्हणाले.

"बाजूला व्हा, भाऊ. बोलायला कुठलं बटण दाबायचं?"

"मथुरे!" आबा उठले.

हिरामणभाऊंनी एकदा आबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग बोटानं बटण दाखवलं आणि खुर्ची मागे सरकवली. त्या माणसाचे उपकार मी विसरले नाही. पुढं सोसायटीच्या निवडणुकीत ते पडले, तेही मला ठाऊक आहे का पडले ते.

मी बटण दाबलं. "साहेब, मी धनसागरच्या तांडेलाची बायको. बोट केळखाडीला नाय."

पलीकडून आलं, "मग कुठे आहे, ताई?"

"खडपावर. नांगर टाकून."

"अक्षांश-रेखांश आहेत?"

"ते नाय येत मला. खूण सांगते. नकाशा हाय तुमच्याकडं?"

"समोर आहे."

आबा माझ्या मागे उभे होते. त्यांचा श्वास मानेवर लागत होता. "घरात पाय ठेवू देणार नाय तुला," ते म्हणाले. सगळ्या किनाऱ्यानं तेही ऐकलं असणार, कारण माझं बोट बटणावरच होतं.

"नांदवेळच्या समोर बेट हाय, त्यावर पडका बुरूज," मी सांगू लागले. "त्या बुरजाच्या बरोबर मागं जोगणीचा सुळका आला पाहिजे. ती एक रेघ. आता उत्तरेला बघा. खाडीच्या तोंडाशी बत्ती हाय, लाल-पांढरी. तिच्यामागं बोडका डोंगर. बत्ती त्या डोंगराच्या डाव्या खांद्याला टेकली पाहिजे. ही दुसरी रेघ. दोन्ही रेघा जिथं मिळतील तिथं सव्वीस वाव पाणी. तिथं बोट."

"पुन्हा सांगा, ताई. सावकाश."

मी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं. पेन्सिल कागदावर ओढल्याचा आवाज मला ऐकू आला असं अजून वाटतं, पण तो येणं शक्य नाही.

"सव्वीस वाव म्हणजे..." तो स्वतःशी पुटपुटला. "नकाशात इथे सत्तेचाळीस मीटर आहे. जुळतंय. ताई, तुम्ही सेटजवळ थांबा."

मी तिथंच थांबले. आबा निघून गेले. बाहेर पडवीत सगळी आळी जमली होती.

साडेतीनला हेलिकॉप्टर पुन्हा गावावरून गेलं. या वेळी वायव्येला. चार वाजून पाच मिनिटांनी सेट बोलला.

"नांदवेळ, बोट मिळाली. दोघंही जिवंत आहेत."

मी खाली बसले.

पुढचं मला ह्यांनी सांगितलं. हेलिकॉप्टर डोक्यावर येऊन थांबलं तसं समुद्राचं पाणी पिठासारखं उडू लागलं. बोट लाटेवर वरखाली होत होती, डोलकाठी इकडून तिकडे झुलत होती. दोरीवरून एक माणूस खाली आला. पहिल्या वेळी वाऱ्यानं तो डोलकाठीवर आपटला आणि त्याचा खांदा फुटला. वरचे त्याला ओढून घ्यायला लागले तर त्यानं हात हलवून नको म्हटलं आणि पुन्हा उतरला. विठूला झोळीत बांधून वर धाडला. मग शिरपतला आपल्या अंगाला बांधून स्वतः वर गेला. सगळं वीस मिनिटांत. ह्यांना जाताना फक्त एवढं म्हणाला, "बाकी सब ठीक?"

दोघांना मुंबईला नेलं. विठूचं अंग निम्मं भाजलं होतं. डॉक्टरांनी सुलोचनाला सांगितलं की संध्याकाळच्या आत आणला म्हणून हातपाय हलवता येतील असा वाचला.

गजाननने बोट ओढत आणली. हे घरी आले, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, तोच मी विचारलं, "खोटी जागा का सांगितलीत?"

तांब्या खाली आला. "कुणी सांगितली खोटी?"

"तुम्ही. केळखाडी म्हणालात."

"मी?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "मी खडप म्हणालो. खूण सांगणार होतो, तेवढ्यात वायर जळाली."

"केळखाडी म्हणालात. सगळ्यांनी ऐकलं."

ते ओट्यावर बसले. "विठूला ओल्या गोणपाटात गुंडाळत होतो," ते म्हणाले. "तोंडातून काय गेलं मला कळलं नाय गो. दुपारभर वर बघत होतो. विठू विचारत होता, तांडेल, येतायत ना? मी म्हणत होतो, आले, आले. मनात म्हणत होतो, ही माणसं अशी कशी, अजून येत का नायत."

त्यांना मी रडताना पाहिलं ते तेवढंच.

आठ दिवसांनी आम्ही दोघं तटरक्षक दलाच्या तळावर गेलो. मी टोपलीभर पापलेटं बर्फात घालून नेली. फाटकावरच्या शिपायानं टोपली उघडून पाहिली, मग आत फोन केला. दोरीवरून उतरलेला तो माणूस बाहेर आला. खांद्याला पट्टी होती. किसनलाल नाव, राजस्थानातला, वाळवंटाच्या गावचा. टोपलीजवळ आला आणि त्यानं नाकाला रुमाल लावला.

"माताजी, हम मछली नहीं खाते," तो ओशाळून म्हणाला.

"समुद्रावर नोकरी आणि मासळी नाय खात?" मी म्हटलं. हे मला कोपर मारत होते.

"गंध भी सहन नहीं होती," तो म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो. मासळी शिपायांनी घेतली. मी किसनलालच्या हातात नारळ दिला.

मग त्यानं विचारलं, "वो निशानी किसने बताई थी?"

"मैंने," मी म्हटलं.

त्यानं मान डोलावली. "पहली जगह हमने चालीस मिनट चक्कर काटे थे," एवढंच तो बोलला. का, कशामुळं, कुणाची चूक, काही नाही. ह्यांनी मान खाली घातली ती एसटीत बसेपर्यंत वर केली नाही.

इकडे आबांचं म्हणणं खरं ठरलं होतं. खडपावर अकरा बोटी बसल्या होत्या, त्यातल्या सात परगावच्या. आबांनी मला घराबाहेर काढलं नाही, पण माझ्या हातचं जेवण सोडलं आणि ह्यांच्याशी बोलणंही. जाऊबाई वाढायच्या तेव्हा जेवायचे.

पौर्णिमेला देवळात जमात, म्हणजे आमच्या गावकीची सभा, बसली. जमातीचे पाटील भास्कर तांडेल. पुरुष पुढं सतरंजीवर, बायका मागं भिंतीला टेकून. हे पुरुषांत कडेला बसले होते.

पाटील म्हणाले, "झालं ते झालं. दोन जीव वाचले, देवाची कृपा. पण घरातलं गुपित वायरलेसवर गेलं, हे बरं नाय. उद्या कुठलीही बाई उठेल आणि सेटवर बोलेल. मथुरानं देवापुढं नारळ ठेवावा आणि 'चुकले' म्हणावं. विषय संपला."

नारळ तयारच ठेवला होता. कुणीतरी तो माझ्यापुढं सरकवला.

हे उठले. "चूक माझी. नारळ मी ठेवतो."

"तू गप बस," आबा म्हणाले. दोन आठवड्यांत ते पहिल्यांदा ह्यांच्याशी बोलले.

मी उभी राहिले. "मी नारळ एकदा दिलाय," मी म्हटलं. "ज्याचा खांदा फुटला त्याला. तो वाळवंटातून आला, मासळीच्या वासानं त्याला मळमळतं, आणि आपल्या माणसांसाठी दोरीला लोंबकळला. आपण त्याला चाळीस मिनिटं खोट्या जागी फिरवला. चुकले कोण, ते तुम्ही ठरवा. मी नाय म्हणणार. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन."

"तोंड बघा हिचं," मागून कुणीतरी पुरुष म्हणाला.

"आणि एक सांगते," मी म्हटलं. "आबांना वाटलं, मला खडप ठाऊक नाय. वीस वर्षं माझ्यादेखत बोलत होते. तुमच्या घरात काय वेगळं हाय?"

पाटील हसले. "आमच्या घरात बायका असल्या भानगडीत नसतात."

भिंतीशी त्यांची बायको बसली होती, गोदाआते. साठीची बाई, सभेत आयुष्यात कधी बोललेली नाही. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "तुमची जागा बेटाच्या मागं, चौदा वाव. काळा गाळ हाय तिथं."

पाटलांचं तोंड उघडंच राहिलं. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? चाळीस वर्षं तुमच्या मासळीची पोटं मी फाडतेय. काय खाऊन आली ते दिसतं की."

"आमच्यांची सुळक्याच्या सरळ रेघेत," धोंडूची सून म्हणाली. "दारू प्याले की सांगतात."

"आमच्या बाची मला नि माझ्या आईला, दोघींना ठाऊक हाय," हौसा म्हणाली. "तिकडच्या मासळीवर माझं लग्न झालं."

"मला पण ठाऊक हाय."

"मला पण. सांगू?"

"नको!" चार-पाच पुरुष एकदम ओरडले.

मग जे हसू फुटलं ते भिंतीपासून पुढं आलं. पुरुष हसत नव्हते. ते एकमेकांकडे बघत होते. सख्ख्या भावापासून लपवलेल्या जागा गावातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होत्या आणि एकीनं दुसरीला कधी सांगितल्या नव्हत्या. पाटलांनी टोपी उचलली आणि सभा संपल्याचं सांगायचंही विसरून निघून गेले. आबा बराच वेळ बसून राहिले. मग माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाले, "घरी चल. भूक लागलीय."

त्या रात्री मी वाढलं आणि ते जेवले. मीठ कमी असल्याचंही बोलले.

खडप गेलं ते गेलंच. पुढं आम्हाला घोळ मिळाली, पण पूर्वीसारखी नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. धाकट्याच्या शिक्षणाच्या वेळी वाटलं. विठू दोन वर्षांनी आपल्या पायांनी चालत आला आणि जाळी विणायला बसला. त्याच्या थोरलीच्या लग्नात मी पाठराखीण होते.

आमचे पुरुष सेटवर अजूनही खोटंच बोलतात. सवय आहे, जाणार कुठं. फक्त बोट निघताना तांडेलाची बायको किंवा आई सोसायटीत येते आणि खरी जागा एका चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकते. ही पेटी बायकांनीच सुरू केली, किल्ली माझ्याकडे असते आणि बोट संकटात आली तरच मी ती उघडते. पुरुषांना ते ठाऊक आहे, आणि नसल्यासारखं ते वागतात.

त्यानंतर हेलिकॉप्टर नांदवेळला चार वेळा आलं. चारही वेळा सरळ जागेवर गेलं.